वाक्याचा शेवट न सोडता भरभर कसं वाचायचं : मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकुरासाठी

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की बेळगावातल्या अभ्यासिकांत जलद वाचनाच्या अ‍ॅपची साथ येते. एकजण उतरवून घेतो, त्याचं बघून बाकीचे घेतात. "सगळं पुस्तक एका रात्रीत वाचलो की," असं छातीठोकपणे सांगितलं जातं. दोन दिवसांनी त्याच पुस्तकातला साधा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही.

चुका दोन होतात. पहिली क्रमाची : जे साधन शेवटी घ्यायचं ते आधी घेतलं जातं आणि तयारी राहूनच जाते. दुसरी जास्त महागात पडते. जलद वाचनाच्या बहुतेक युक्त्या इंग्रजी वाक्य डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या आहेत. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच भेटतात, म्हणून वाक्याचं तोंड पाहून पुढे सरकलं तरी बरंचसं हाती लागतं. मराठीत आणि कन्नडमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही', 'नये' हे त्याच्याही मागून येतात. सकाळी मराठी पेपर, दुपारी कन्नड नोटीस आणि रात्री इंग्रजी नोट्स वाचणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला एकच युक्ती तिन्हीकडे चालवता येत नाही. खालचे टप्पे म्हणूनच ह्याच क्रमाने करा.

टप्पा १ : मजकुराचे तीन गठ्ठे करा

सगळंच भरभर वाचायचं नसतं. हातात कागद आला की तो कोणत्या गठ्ठ्यातला हे आधी ठरवा.

पहिला गठ्ठा चाळण्याचा : बातम्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लांबलचक परिपत्रकं, ओळखीच्या विषयावरचे लेख, आधी एकदा झालेल्या धड्याची उजळणी. दुसरा गठ्ठा वेगाने, पण पूर्ण वाचायचा : इतिहास, समाजविज्ञान, अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकं, केपीएससी-एमपीएससीच्या नोट्स, कादंबऱ्या.

तिसऱ्या गठ्ठ्यात वेगाचं नाव काढायचं नाही. जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), सोसायटीचं किंवा बँकेचं कर्जपत्र, भाडेकरार, कोर्टाची नोटीस, औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना, गणिताची उदाहरणं आणि कविता ह्यात येतात.

सावधान : कन्नड कागदावर आकडे कन्नड लिपीत असतील तर बोट ठेवून एकेक अंक वाचा. कन्नड अंकांतले सहा आणि नऊ घाईत सारखेच दिसतात, आणि सर्व्हे नंबरात असा एक अंक चुकला की कागद दुसऱ्याच्या शेताचा होतो.

टप्पा २ : डोळे, उजेड, जागा

हा टप्पा कुणी करत नाही. ओळ डोळ्यापुढे धूसर होत असेल, पुस्तक हळूहळू लांब धरावं लागत असेल, अर्ध्या तासात कपाळ दुखत असेल, तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतंच. त्यावर कोणतीही युक्ती चालत नाही.

पुस्तक डोळ्यांपासून साधारण हातभर अंतरावर ठेवा. उजव्या हाताने पेन्सिल धरत असाल तर दिवा डावीकडे हवा, म्हणजे हाताची सावली ओळीवर पडत नाही. मोबाईलवर वाचताना अक्षरं मोठी करा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर लांब बघा.

खानापूर-बेळगाव एसटीत उभ्याने सराव करू नका. गाडी हलते तशी ओळ हलते, डोळा परत परत जागा शोधतो, आणि नको ती मागे वळायची सवय पक्की होते. बसमधला वेळ ऐकण्यासाठी ठेवा. ते पुढे नवव्या टप्प्यात येईल.

टप्पा ३ : आजचा वेग मोजा, तिन्ही भाषांत वेगवेगळा

मोजल्याशिवाय सुरू केलेला सराव आठवड्यात बंद पडतो, कारण सुधारलं की बिघडलं हे कळतच नाही.

१. आधी न वाचलेलं, मध्यम अवघड असं एक पान घ्या. शक्यतो मागे प्रश्न दिलेलं.
२. पाच ओळींतले शब्द मोजून एका ओळीची सरासरी काढा. तिला ओळींच्या संख्येने गुणा.
३. घड्याळ लावून नेहमीच्या वेगाने वाचा. आज शर्यत नाही.
४. पुस्तक बंद करून १० प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रश्न दुसऱ्या कुणी काढले तर उत्तम. स्वतः काढलेले प्रश्न आपण नकळत सोपे काढतो.
५. वेगाला बरोबर उत्तरांच्या प्रमाणाने गुणा. हा झाला खरा वेग.

उदाहरण घ्या. ओळीत ९ शब्द, पानावर २८ ओळी, म्हणजे २५२ शब्द. वाचायला १ मिनिट ४५ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १४४ शब्द. दहापैकी ८ उत्तरं बरोबर, म्हणून खरा वेग ११५. पुढच्या आठवड्यात तुम्ही मिनिटाला २०० शब्दांवर गेलात, पण उत्तरं ५ च बरोबर आली, तर खरा वेग १०० झाला. घड्याळ सांगतं वाढला, वही सांगते घटला. वहीचं ऐका.

इंग्रजी मातृभाषा असलेला सुशिक्षित माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण २०० ते ३०० शब्द वाचतो. हा आकडा मराठीला लावून जीव जाळू नका. इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत जे येतं ते मराठीत 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा' अशा एकाच शब्दात येतं, आणि कन्नडमध्ये तर शब्द आणखी लांब होतात. त्यामुळे मराठीचा आकडा कमी दिसला म्हणजे तुम्ही मंद वाचता असं नाही. मराठीची तुलना मराठीशी आणि कन्नडची कन्नडशीच करा. वहीत तीन रकाने आखा.

तपासणी : १० पैकी ७ पेक्षा कमी उत्तरं येत असतील तर अडचण वेगाची नाही. सोपा मजकूर घ्या, किंवा त्या विषयाचे शब्द आधी शिका.

टप्पा ४ : वाचण्याआधी चाळा, पण वेळ बांधून

एका धड्याला दोन-तीन मिनिटं. शीर्षक, उपशीर्षकं, ठळक अक्षरं, तक्ते, चित्रांखालच्या ओळी, पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि धड्याखालचे प्रश्न बघा. मग समासात पेन्सिलीने दोन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं ह्या वाचनात मिळायला हवीत.

चाळताना मजकुराचा प्रकार ओळखा. बातमीचं सार पहिल्या परिच्छेदात असतं, पुढे तपशील उतरत्या महत्त्वाने येतात. म्हणून बातमी अर्ध्यात सोडली तरी चालते. अग्रलेखाचं उलट असतं. तिथे लेखकाचं म्हणणं बहुतेक वेळा शेवटच्या दोन परिच्छेदांत असतं, तेच आधी वाचा. सरकारी परिपत्रकात वरचा अर्धा भाग संदर्भांचा आणि 'वाचले' ह्या यादीचा. खरा आदेश खाली असतो. वरूनच नेटाने वाचायला घेतलेला माणूस आदेशापर्यंत पोचेतो कंटाळलेला असतो.

कन्नड नोटीस चाळताना काही शब्द डोळ्यांनी आधी शोधा : 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख, 'कड्डाय' म्हणजे सक्तीचं, 'अर्हते' म्हणजे पात्रता, 'शुल्क', 'दाखले' म्हणजे कागदपत्रं, 'नकलु' म्हणजे प्रत, 'आक्षेपणे' म्हणजे हरकत. असे वीस-पंचवीस शब्द कन्नड लिपीत एका कार्डावर लिहून पाठ करा. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना कन्नड वाचनात ह्या कार्डाने जेवढा वेग येतो तेवढा कोणत्याही अ‍ॅपने येत नाही. वाचनाचा वेग बऱ्याच अंशी शब्दांच्या ओळखीवर उभा असतो.

टप्पा ५ : पेन्सिल धरा

वाचताना डोळा सलग सरकत नाही, उड्या मारतो. प्रत्येक थांब्यावर तो सुमारे पाव सेकंद टिकतो. लक्ष भरकटलं की थांबे वाढतात आणि डोळा मागे जातो. पेन्सिलीचं टोक एका चालीत फिरवलं की लक्ष जागेवर राहतं. तिचं काम एवढंच.

१. टोक ओळीच्या खाली, थोडं अंतर सोडून चालवा. मराठीत उकार, ऋकार अक्षराच्या खाली असतात. टोक चिकटून गेलं तर 'कल' आणि 'कुल' सारखेच दिसतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्तक्षर, ओळीखाली लोंबतो, म्हणून तिथे अंतर आणखी वाढवा.
२. चाल एकसारखी ठेवा. शब्दाशब्दाला टोक आपटू नका.
३. ओळीच्या डावीकडे पहिला शब्द सोडून टोक टेकवलं तरी चालेल, तो नजरेच्या कडेने दिसतो. उजवीकडे मात्र टोक ओळीच्या शेवटापर्यंत न्या. जलद वाचनाच्या इंग्रजी वर्गांत दोन्ही बाजूंना जागा सोडायला शिकवतात. मराठीतल्या लांब शब्दांत शेवटचा प्रत्यय हुकतो.
४. चाल नेहमीच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. कळेनासं झालं की तीन ओळींपुरती चाल कमी करा, पुन्हा वाढवा.

मागे जाण्याची खोड मोडायला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि वाचून झालेल्या ओळींवर तो वरून खाली सरकवत न्या. पण वाक्य खरंच तुटलं असेल तर पुठ्ठा उचलून मागे जायला मुभा ठेवा. मागे वळणं पूर्ण बंद केलं की समज घटते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. सवयीने मागे जाणं आणि गरजेने मागे जाणं ह्यातला फरक आठवडाभरात तुमचा तुम्हाला कळू लागेल.

टप्पा ६ : तुकड्यांनी वाचा, शेवट धरून

सगळ्यात जास्त वेळ ह्या टप्प्याला द्या.

एकेक शब्द न वाचता अर्थाचा एकेक तुकडा वाचायचा. इंग्रजीत तुकडे पाडायला छोटे सुटे शब्द मदत करतात. मराठीत ते काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, आणि ती शब्दाच्या शेपटीला असतात. हे वाक्य पहा :

ज्या शेतकऱ्यांनी / मागील हंगामात / विमा भरला होता / त्यांना / यंदाच्या अर्जासोबत / जुनी पावती / जोडावी लागणार नाही.

वाक्याचं तोंड पाहून पुढे गेलेला माणूस सांगेल की जुनी पावती जोडायची आहे. मग तो दिवसभर पावती शोधत बसेल. शेवटचे दोन शब्द वाचलेला माणूस निवांत असेल.

म्हणून सरावाची रीत अशी. पहिले तीन-चार दिवस पेपरातल्या एका लेखावर पेन्सिलीने अशा तिरप्या रेघा मारा. रेघ कुठे मारायची? जिथे 'ने', 'ला', 'साठी', 'कडून', 'मध्ये' असं काही संपतं तिथे, 'की', 'पण', 'तर', 'म्हणून', 'तरी' ह्यांच्या आधी, आणि क्रियापदानंतर. मग तोच लेख रेघांवरून वाचा, एका तुकड्याला एक नजर. चौथ्या-पाचव्या दिवशी रेघा न मारता वाचा. तुकडे आपोआप दिसू लागतात.

दुसरं, पूर्णविरामाच्या आधीच्या दोन-तीन शब्दांवर नजर मुद्दाम टिकवा. वाक्याच्या मध्यभागी वेग वाढवा, शेवटी कमी करा. इंग्रजीत हे उलट करावं लागतं : सुरुवातीला सावकाश, शेवटी हलकं. कन्नडला मराठीचाच नियम, जरा अधिक कडक. 'सल्लिसबेकु' म्हणजे सादर केलं पाहिजे आणि 'सल्लिसबारदु' म्हणजे सादर करू नये. दोन्ही शब्दांची सुरुवात एकच. हुकूम शेपटीत आहे.

तिसरं, 'परंतु', 'तथापि', 'वगळता', 'शिवाय', 'जोपर्यंत' हे शब्द दिसले की वेग निम्मा करा. सरकारी मराठीत सवलत वाक्याच्या पहिल्या भागात असते आणि अट 'परंतु' नंतर.

तपासणी : लेखातली कोणतीही पाच नकारार्थी वाक्यं दुसऱ्याला शोधायला सांगा आणि तुम्ही ती होकारार्थी समजलात का ते ताडून पहा. एक जरी उलटं समजलं असेल तर वेग वाढवू नका.

टप्पा ७ : ओठ थांबवा, आतला आवाज राहू द्या

जलद वाचन शिकवणारे सांगतात की मनातला उच्चार मारून टाका. त्यासाठी वाचताना गुणगुणा किंवा आकडे म्हणा. हे करू नका. अवघड वाक्य डोक्यात धरून ठेवायला तोच आवाज उपयोगी पडतो, तो दाबला की समज पडते. ओठ किंवा जीभ हलत असेल तर मात्र थांबवा, कारण तोंडाचा वेग बोलण्याइतकाच राहतो. ओठांवर बोट ठेवून एक पान वाचा, हालचाल लगेच कळते.

कन्नड लिपी अजून अडखळत वाचणाऱ्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. त्यांनी रोज दहा ओळी मोठ्याने वाचायच्या. अक्षर ओळखणं आपोआप व्हायला लागेपर्यंत मनात वाचून वेग येत नाही.

टप्पा ८ : बंद करा आणि सांगा

प्रत्येक उपशीर्षक संपलं की पुस्तक पालथं घालून दोन वाक्यांत सांगा : काय म्हटलंय आणि कशामुळे. आठवलं नाही तर फक्त तेवढाच भाग पुन्हा वाचा. चौथ्या टप्प्यात समासात लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं आली का ते पहा. ठळक रंगाने रेघा मारणं ह्याला पर्याय धरू नका. पान रंगतं आणि डोकं रिकामं राहतं.

टप्पा ९ : आता साधनं

आधीचे टप्पे निदान दोन आठवडे झाल्यावरच इथे या.

*वाचन-दृश्य.* क्रोम, फायरफॉक्स, एज ह्या ब्राउझरांत जाहिराती काढून नुसता मजकूर दाखवण्याची सोय असते. ती चालू करून अक्षर मोठं, ओळींतलं अंतर जास्त आणि रुंदी ओळीत ८-१० शब्द बसतील एवढी ठेवा. साधनांतलं सगळ्यात उपयोगी हेच, आणि फुकट आहे.

*मोठ्याने वाचणारा आवाज.* अँड्रॉइड फोनवर गुगलचे मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज मिळतात. वेग सव्वापट ठेवून आवाजाबरोबर नजर चालवा. सवय झाली की दीडपट करा. कन्नड लिपी पक्की करायला ही जोडी फार कामाची. बसमध्ये डोळे मिटून नुसतं ऐकायलाही बरी.

आवाज भलतंच काही बरळत असेल तर दोष आवाजाचा नाही, टाइपाचा आहे. जुन्या पीडीएफ श्रीलिपीसारख्या किंवा कन्नडमध्ये नुडीसारख्या जुन्या टाइपात केलेल्या असतात. तपासायची सोपी रीत : एक ओळ कॉपी करून स्वतःलाच मेसेजमध्ये पाठवा. अक्षरांचा कचरा दिसला तर त्या पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली अक्षरं ओळखून सुधारित मजकूर मिळतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून घ्या.

*फोटोवरून भाषांतर.* कन्नड नोटिशीचा फोटो गुगल लेन्सने मराठीत आणता येतो. विषय काय आहे एवढं कळण्यापुरता तो वापरा. तारीख, रक्कम, सर्व्हे नंबर आणि 'बेकु' की 'बारदु' हे मूळ कागदावरच बघा, किंवा कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला दाखवा.

*एकेक शब्द झळकवणारी अ‍ॅप.* पडद्यावर एकाच जागी शब्दामागून शब्द येतो आणि डोळा हलवावा लागत नाही. लहान निरोपाला चालतं. धड्याला नको, कारण मागे वळता येत नाही, आणि 'आणि'ला जेवढा वेळ तेवढाच 'अर्थसंकल्पामध्येसुद्धा' ह्या शब्दालाही मिळू शकतो. मधलं एक अक्षर रंगवणारी अ‍ॅप देवनागरीत जोडाक्षर फोडत नाहीत ना, हे आधी पाहून घ्या.

*शब्दाचा पहिला भाग ठळक करणारी साधनं.* मराठीसाठी माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. 'अर्जदाराने', 'अर्जदाराला', 'अर्जदाराकडून' ह्या तिन्हींत ठळक दिसणार ते 'अर्जदा', आणि कुणी कुणाला काय द्यायचं हे ठरवणारा प्रत्यय फिकाच राहणार.

टप्पा १० : तीन आठवड्यांचा सराव

रोज २० मिनिटं पुरतात. पहिली ५ मिनिटं सोप्या मजकुरावर मुद्दाम जास्त वेगाने पेन्सिल फिरवा, समजेल तेवढं समजू द्या. पुढची १० मिनिटं त्या दिवसाच्या धड्यावर, समज सांभाळून. उरलेली ५ मिनिटं पुस्तक बंद करून लिहिण्यासाठी. रविवारी तिसऱ्या टप्प्यातली मोजणी, वहीत नोंद. पहिला आठवडा फक्त मराठी, दुसऱ्यात इंग्रजी जोडा, तिसऱ्यात कन्नड. तिन्ही एकदम सुरू केलं तर वाक्याच्या कोणत्या टोकाला थांबायचं ह्यातच गोंधळ होतो.

दुसऱ्या आठवड्यात आकडा थोडा खाली येतो, कारण तुकडे पाडण्याकडे लक्ष जातं. त्या वेळी अ‍ॅप बदलू नका.

दहावीच्या मुलांसाठी वेगळी सूचना. प्रश्नपत्रिका वाचायला मिळणारी १५ मिनिटं तिसऱ्या गठ्ठ्यातली समजा. आधी सगळी पत्रिका एकदा चाळून कोणत्या भागात किती प्रश्न हे बघा. मग प्रत्येक प्रश्नाचं शेवटचं क्रियापद वाचा : 'लिहा', 'स्पष्ट करा', 'फरक सांगा', 'कारणे द्या'. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही' अशा प्रश्नांवर मनात खूण करा. उताऱ्यावरच्या प्रश्नांत आधी प्रश्न वाचा, नंतर उतारा, आणि उतारा वाचताना बंद पेनाचं टोक ओळीखाली फिरवत न्या. ओळी झाकायचा पुठ्ठा परीक्षेच्या खोलीत नेऊ नका.